तळघर कोरडे कसे ठेवावे?

आपला बीड जिल्हा पावसाला महाग. उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी रानोमाळ फिरणाऱ्या मायबहिणी आपल्याकडे आहेत. टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. अशा जिल्ह्यात तळघरातल्या पाण्याचा धडा कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. आता उत्तर ऐका.

आपल्याकडे पाऊस थोडा पडतो, पण बेताबेताने पडत नाही. कधी महिना महिना तोंड दाखवीत नाही, आणि मग एका रात्रीत कोसळतो. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरा नदीला पूर आला. बीड शहरात पाणी घुसले, माणसे दगावली, संसार वाहून गेले. तो दिवस जुन्या माणसांना अजून आठवतो. आपल्याकडे म्हण आहे, 'पोळा आणि पाऊस झाला भोळा.' म्हणजे पोळा झाला की पावसाचा जोर संपला. पण २०२५ साली पोळा होऊन गेल्यावर, सप्टेंबर महिन्यात, मराठवाड्यात पावसाने कहर केला. गोदावरी, सिंदफणा दुथडी भरून वाहिल्या. उभी पिके पाण्यात गेली. म्हणीवर भरवसा ठेवून भागत नाही, हे त्या साली साऱ्यांनी पाहिले.

आता जमिनीखालच्या जागा आपल्याकडे किती आहेत ते मोजू या. जुन्या वाड्यांना तळघरे आहेत. काही गावांत धान्याची पेवे आहेत. बाजारपेठेत नव्या इमारती झाल्या. त्यांच्या खाली दुकाने आहेत, बी-बियाण्याची आणि खताची गुदामे आहेत. घरोघरी अंगणात पाण्याची टाकी पुरलेली आहे. या साऱ्या जागा जमिनीच्या खाली. आणि पाण्याचा स्वभाव एकच. ते खाली धावते.

म्हणून हा धडा. तळघरातले पाणी बाहेर कसे काढावे, आणि लाईट गेली तरी काम कसे चालू ठेवावे, ते यात सांगितले आहे.

पाणी दोन वाटांनी येते

तळघरात पाणी शिरले, एवढे म्हणून चालत नाही. कोणते पाणी शिरले ते आधी ओळखावे. एक झिरपा, दुसरा लोंढा.

झिरपा म्हणजे मातीतून पाझरून आलेले पाणी. पाऊस पडतो, जमीन पाणी पिते, पोट भरले की उरलेले पाणी वाट शोधते. विहिरीला झरा लागतो तसेच हे. तळघर म्हणजे एक कोरडी विहीरच. चारी बाजूंची ओली जमीन त्यात पाणी ढकलीत राहते. भिंतीला ओल येते, कोपऱ्यात थेंब जमतात, फरशीच्या सांध्यातून पाणी वर येते. काळ्या रानात हा त्रास अधिक. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. फुगली की भिंतीला रेटा देते. भिंतीला चीर पडली की पाण्याला दार मिळाले.

लोंढा म्हणजे वरून धावत आलेले पाणी. रस्ता तुंबला, नाला फुटला, नदी चढली, आणि पाणी दारातून, खिडकीतून, उतरत्या रस्त्यावरून आत पडू लागले, तर तो लोंढा.

झिरप्याला मोटार पुरते. लोंढ्यापुढे मोटार टिकत नाही. झिरप्यात आपण माल वाचवतो. लोंढ्यात जीव वाचवायचा असतो. हा फरक पक्का ध्यानात ठेवा. पुढचा सारा धडा त्यावर उभा आहे.

थोडा हिशेब करू या

पावसाचा आकडा रेडिओवर मिलिमीटरमध्ये सांगतात. त्याचा अर्थ सोपा आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी जमते.

समजा, तुमच्या दुकानापुढे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद अंगण आहे. म्हणजे १०० चौरस मीटर. एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला. तर त्या एका अंगणावर ५,००० लिटर पाणी पडले. २०० लिटरची २५ पिंपे भरतील एवढे. त्या अंगणाचा उतार तळघराच्या दाराकडे असेल, तर ती २५ पिंपे तुम्ही आपल्या हाताने आपल्याच तळघरात ओतलीत असे समजा.

मुंबईच्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्या जिल्ह्यात सरासरीने साऱ्या वर्षातही एवढा पाऊस पडत नाही. तरी आपण निर्धास्त राहू नये. गटार बुजलेले असेल, तर ५० मिलिमीटर पाऊसदेखील गुदाम बुडवायला पुरे.

आधी वाट अडवा, मग उतार द्या

पुष्कळ लोक पाणी आले की पहिल्यांदा मोटार आणायला धावतात. आम्ही म्हणतो, मोटार शेवटी. आधी बिनपैशाची कामे करा.

पहिले काम छपराच्या पाण्याचे. पन्हाळीचे पाणी भिंतीच्या मुळाशी पडू देऊ नका. नळी लावून ते लांब सोडा. दुसरे काम अंगणाच्या उताराचे. उतार घराकडून बाहेर हवा. भिंतीलगत मुरूम घालून धुमस करा, म्हणजे पाणी तिथे मुरणार नाही. तिसरे काम उंबऱ्याचे. तळघराच्या जिन्याला वरच्या बाजूस उंच उंबरा बांधा. मागच्या पुराची खूण भिंतीवर असेल, तर उंबरा त्या खुणेच्या वर न्या. चौथे काम गटाराचे. गटारातला गाळ, कॅरीबॅगा, बारदानाच्या चिंध्या पावसाआधी काढा. गटार गावाचे असेल, तर ग्रामपंचायतीत जाऊन सांगा. चार जणांनी मिळून सांगा. एकट्याचे बोलणे वाऱ्यावर जाते.

आणि जिथे जमेल तिथे पाणी उताराने काढा. उताराला डिझेल लागत नाही, लाईट लागत नाही. बीड शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे ना? सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीत, जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. राजा भास्कर नावाच्या कारागिराने ती बांधली असे सांगतात. त्या विहिरीचे पाणी जमिनीखालच्या दगडी वाटेने आपोआप चालत जाते आणि शेते भिजवते. मोटार नाही, मोट नाही, बैल नाही. नुसता उतार. चारशेहून अधिक वर्षे झाली, उताराने दगा दिलेला नाही. बालाघाटाच्या डोंगरउतारावर ज्यांची घरे आहेत, त्यांनी तळघराच्या तळापासून खालच्या अंगाला एक पाइप काढता येतो का ते गवंड्याला जरूर विचारावे. येत असेल तर मोटारीची गरजच उरणार नाही.

जिथे जमीन सपाट आहे, तिथे मात्र पाणी उपसून वर चढवावे लागते. आता त्याची रीत पाहू.

उपशाचा खड्डा

तळघरभर पाणी पसरले की ते उपसणे अवघड. म्हणून तळघरात जिथे सर्वांत खोल जागा असेल, तिथे एक खड्डा करतात. सारे पाणी त्या खड्ड्यात जमते. मोटार त्यातच बसवतात. याला आपण उपशाचा खड्डा म्हणू.

खड्डा २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ३ फूट खोल असावा. बाजू विटांनी बांधाव्यात. फरशीला चारी बाजूंनी खड्ड्याकडे हलका उतार द्यावा. भिंतीलगत चार बोटे रुंदीची नाली काढून ती खड्ड्यात सोडावी. खड्ड्यावर जाळीचे झाकण हवेच. लेकरू पाय घसरून आत पडू नये, म्हणून झाकण मजबूत असावे.

आत पाण्यात बुडून चालणारी लहान मोटार ठेवतात. आपण तिला पाणबुडी मोटार म्हणतो. बोअरची लांबट मोटार इथे कामाची नाही. गाळाचे पाणी ओढणारी बुटकी मोटार मागावी. ती तळाला टेकवू नये. दोन विटांवर ठेवावी, म्हणजे गाळ तिच्या तोंडात जाणार नाही. भोवती छिद्रांची टोपली किंवा जाळी लावावी.

मोटारीला एक तरंगता गोळा जोडलेला असतो. घराच्या टाकीत नळाचा गोळा पाहिला असेल. तसाच. पाणी चढले की गोळा वर येतो, मोटार चालू होते. पाणी उतरले की गोळा खाली जातो, मोटार बंद होते. माणूस जवळ नसला तरी काम चालते. हा गोळा भिंतीला किंवा वायरीला अडकू देऊ नका. गोळा अडकला तर चांगली मोटारही पाण्यात नुसती बसून राहते.

पाणी वर नेणाऱ्या पाइपात एक झडप बसवावी. ती पाण्याला वर जाऊ देते, परत येऊ देत नाही. झडप नसेल तर मोटार थांबताच पाइपातले पाणी पुन्हा खड्ड्यात पडते, गोळा पुन्हा उचलतो, मोटार पुन्हा सुरू होते. असे रात्रभर चालले तर मोटार जळते.

पाइपाचे तोंड कुठे सोडायचे? घरापासून लांब, उताराच्या बाजूला. भिंतीच्या मुळाशी सोडले तर तेच पाणी फिरून तळघरात येते. आपण उपसायचे आणि जमिनीने परत आणून द्यायचे, असा खेळ होतो. शेजाऱ्याच्या भिंतीकडेही सोडू नका. तळघर कोरडे झाले आणि शेजार तुटला, तर काय मिळवले?

मोटार किती मोठी घ्यावी? हे दुकानदारावर सोडू नका. स्वतः मोजा. जोराच्या पावसात खड्डा रिकामा करा. मग घड्याळ लावून पाहा, पाणी १ फूट चढायला किती वेळ लागतो. २ फूट लांब-रुंद खड्ड्यात १ फूट पाणी म्हणजे सुमारे ११३ लिटर. ते १० मिनिटांत चढले, तर मिनिटाला ११ लिटर, आणि तासाला सुमारे ६८० लिटर झिरपा आहे. मोटार याच्या तिप्पट उपसणारी घ्या. म्हणजे तासाला २,००० लिटर. पण हा आकडा तुमच्या उंचीला मिळाला पाहिजे. पाणी जितके उंच चढवायचे, तितके मोटार कमी देते. म्हणून दुकानात गेल्यावर विचारा, "दादा, बारा फूट वर चढवून ही मोटार तासाला किती पाणी देईल?" उत्तर मिळाले की मग पैसे मोजा.

हीच युक्ती मुंबई महापालिकेने फार मोठ्या प्रमाणावर केली आहे. दादर-परळकडे हिंदमाता नावाचा सखल भाग आहे. तिथे दर पावसाळ्यात पाणी तुंबे. म्हणून जवळच्या मैदानांखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्या. रस्त्यावरचे पाणी आधी या टाक्यांत घेतात. समुद्राची भरती ओसरली की मोटारींनी उपसून बाहेर सोडतात. खड्डा मोठा असो की लहान, तत्त्व एकच. पाण्याला एका जागी बोलवा, आणि तिथून बाहेर काढा.

लाईट गेली तर?

आता खरी गाठ इथे आहे. मोटार केव्हा लागते? मोठ्या पावसात. आणि लाईट केव्हा जाते? तीही मोठ्या पावसात. वारा सुटला, विजा चमकल्या, झाड तारेवर पडले, की गाव अंधारात. म्हणजे ज्या घटकेला मोटारीची गरज, त्याच घटकेला ती मुकी होते. मोटार घेतली आणि दुसरी सोय केली नाही, तर अर्धेच काम झाले.

वरचाच हिशेब पुढे नेऊ. आपला खड्डा सुमारे ३४० लिटरचा. मिनिटाला ११ लिटर पाणी येते. म्हणजे लाईट गेल्यापासून अर्ध्या तासात खड्डा भरतो. त्यानंतर पाणी फरशीवर. हाताने उपसायचे म्हटले, तर १५ लिटरच्या बादलीने तासाला ४५ बादल्या. दहा तासांच्या रात्रीत ४५० बादल्या. दोन माणसे एक-दोन तास हे करतील. रात्रभर नाही करू शकणार.

म्हणून दुसरा भरवसा आधीच उभा करावा. त्याचे प्रकार असे.

पहिला, बॅटरी. घरात पंखा-दिव्यासाठी इन्व्हर्टर असतो, त्यावर लहान मोटार चालू शकते. पण मोटार सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते. तुमचा इन्व्हर्टर तो झटका सोसतो का, हे वायरमनकडून करून पाहा. पाऊस येण्याआधी पाहा. ५०० वॅटची मोटार १५० अँपियरच्या एका चांगल्या बॅटरीवर सलग दोन तासांच्या आसपास चालते. हे ऐकून कोणी म्हणेल, "एवढंच? मग रात्र कशी निघायची?" अहो, मोटार सारखी चालत नाही. वरच्या हिशेबाने तासाला वीस मिनिटे चालली की पुरे. म्हणजे दोन तासांची बॅटरी सहा तास पुरते. मात्र त्या रात्री पंखे आणि टीव्ही बंद ठेवा. बॅटरी जुनी असेल तर हा भरवसा अर्धाच धरा.

दुसरा, इंजिन. शेतात डिझेलचे किंवा रॉकेल-पेट्रोलचे पाणी ओढायचे इंजिन असते. ते कामाला येते. डिझेलचा डबा मात्र आधीच भरून ठेवावा. पुराच्या दिवशी पंपापर्यंत रस्ता असेलच असे नाही. आणि एक गोष्ट जीवावर कोरून ठेवा. इंजिन तळघरात कधीही चालवू नका. का, ते पुढे सांगतो.

तिसरा, दुसरी मोटार. पहिली मोटार बिघडली तर लाईट असूनही उपयोग नाही. दुकानात मोठा माल असेल, तर खड्ड्यात पहिलीपेक्षा थोड्या उंचीवर दुसरी मोटार ठेवतात. पहिली थकली की पाणी चढते आणि दुसरीचा गोळा उचलतो.

चौथा, राखण. खड्ड्यात पाणी ठरावीक खुणेवर गेले की वाजणारी घंटा मिळते. ती बॅटरीवर चालते आणि फार महाग नसते. तीही नसेल, तर पावसाच्या रात्री घरच्यांनी पाळ्या लावाव्यात. राखणीसारखा स्वस्त उपाय नाही.

ही दुसरी सोय कुठे ठेवायची, याला फार महत्त्व आहे. जपान देशात फुकुशिमा येथे अणुवीज तयार करण्याचा मोठा कारखाना होता. ११ मार्च २०११ रोजी तिथे मोठा भूकंप झाला. बाहेरची लाईट गेली. पण त्यांच्याकडे डिझेलची जनित्रे होती. ती लगेच सुरू झाली. तासाभराच्या आत समुद्राची प्रचंड लाट आली. बहुतेक जनित्रे इमारतीच्या तळघरात होती. ती बुडाली आणि बंद पडली. यंत्रांना थंड ठेवणारे पाणी फिरेना. तीन अणुभट्ट्या वितळल्या, आणि लाखाहून अधिक माणसांना घरे सोडून जावे लागले. एवढा शहाणा देश, एवढी मोठी यंत्रे, आणि आधाराची जागा मात्र खाली.

आपण यातून काय घ्यावे? इन्व्हर्टर, बॅटरी, मीटर, बोर्ड आणि खटके तळघरात ठेवू नयेत. ते वरच्या मजल्यावर, पुराच्या खुणेपेक्षा उंच असावेत. ज्या पाण्याने पहिला आधार बुडतो, त्याच पाण्यात दुसरा आधार बुडता कामा नये.

आणखी एक. मोटारीची वायर शेतीच्या लायनीवर जोडू नका. शेतीची लाईट ठरलेल्या वेळीच असते. घराच्या लायनीवर, अधिकृत मीटरवरून जोडा. आकडा तर मुळीच टाकू नका. ओल्या जागी आकडा म्हणजे मरणाला आमंत्रण.

वीज आणि वाईट हवा

पाण्याने माल जातो. वीज आणि हवा माणूस नेते. म्हणून हा भाग दोनदा वाचा. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याला वाचून दाखवा.

तळघरात पाणी साचले असेल आणि तिथे लाईटची वायर किंवा बोर्ड असेल, तर पाण्यात पाय टाकू नका. आधी वरचा मुख्य खटका बंद करा. मुख्य खटकाच पाण्याजवळ असेल, तर त्याला हात लावू नका. महावितरणच्या माणसाला बोलवा, खांबावरून लाईट तोडू द्या. मोटारीला अर्थिंग हवे. शिवाय वीज गळू लागली की आपोआप पडणारा खटका मिळतो. त्याला आर. सी. सी. बी. म्हणतात. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपियरचा घ्यावा. मोटारीच्या किमतीपुढे त्याची किंमत मोठी नाही, आणि जिवापुढे तर काहीच नाही.

आता हवेची गोष्ट. आपल्याकडे पेव उघडले की जुनी माणसे लगेच आत उतरत नसत. तोंड उघडून ते बराच वेळ तसेच ठेवीत. मग दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. बंद जागेत धान्य, गाळ, कुजका पाला असला की हवा वाईट होते. हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. तेच पाणी साचलेल्या तळघराला, जुन्या विहिरीला आणि बंद टाकीला लागू आहे. पण दिव्यावर सगळा भरवसा नको. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. दिवा जळत राहतो आणि माणूस गुंगी येऊन पडतो. म्हणून इंजिन बाहेर, मोकळ्या हवेत, दारखिडकीपासून लांब ठेवावे. नुसता पाइप आत सोडावा.

खाली उतरायचेच असेल, तर दारे-खिडक्या उघडून बराच वेळ हवा खेळू द्या. कमरेला दोर बांधा. वर दोन माणसे ठेवा. आणि एक उतरला व पडला, तर दुसऱ्याने तडक उडी मारू नये. दोराने ओढावे, आणि ११२ नंबरला फोन करावा. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशी एकाच घरातली माणसे एकामागून एक जातात. माया आवरणे कठीण असते, पण त्या घटकेला आवरावी लागते.

लोंढा आला तर

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याला, दिल्लीला जातात. म्हणून ही गोष्ट आईबापांनीही ऐकावी. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत राजेंद्रनगर भागात जोराचा पाऊस झाला. तिथे एका खाजगी शिकवणी वर्गाच्या इमारतीत, तळघरात, मुलांना वाचत बसायची खोली होती. रस्त्यावर पाणी तुंबले आणि त्याचा लोंढा तळघरात शिरला. बघता बघता तळघर भरले. तीन विद्यार्थी बुडून मेले. दोन मुली आणि एक मुलगा. पाऊस घरावर पडत होता, आणि लेकरे पुस्तकासमोर बसली होती.

तिथे मोटार असती तर? काही उपयोग झाला नसता. लोंढ्याचे पाणी मोटारीच्या हिशेबात बसत नाही. उपयोग झाला असता तो दोन गोष्टींचा. तळघरात माणसे बसवली नसती तर, आणि पाणी दिसताच सारी वर निघाली असती तर.

म्हणून नियम करा. तळघर मालासाठी. झोपायला नाही, अभ्यासाला नाही, लेकरांना खेळायला नाही. जिना एकच असेल तर त्यावर पोती रचू नका. रस्त्यावरचे पाणी जिन्यावरून उतरू लागले, की हातातले टाकून वर या. "एवढं एक पोतं घेतो अन् येतो," म्हणणारा माणूस खालीच राहतो. घोटाभर पाणी जिन्यावरून वेगाने पडत असेल, तरी वर चढणे जड जाते. दार आत ढकलायचे की बाहेर, हेही पाहून ठेवा. बाहेरून पाण्याचा दाब असला की दार उघडत नाही. तुमचे लेकरू शहरात शिकायला असेल, तर फोनवर विचारा, "बाळा, तू बसतोस ती खोली जमिनीच्या वर आहे की खाली?" एवढा एक प्रश्न विचारायला पैसा पडत नाही.

पाणी ओसरल्यावर

पूर ओसरला. तळघर मात्र काठोकाठ भरले आहे. माणूस घाई करतो, मोठे इंजिन लावतो. थांबा. बाहेरची जमीन अजून पाण्याने जड आहे. ती भिंतीला आत रेटते आहे. आतले पाणी बाहेर रेटते आहे. दोघांची बरोबरी आहे म्हणून भिंत उभी आहे. आतले पाणी एकदम काढले, की भिंत आत ढासळते. दगड-मातीच्या जुन्या भिंतीला तर फार धोका. म्हणून पहिल्या दिवशी एक फूट पाणी काढा. भिंतीवर खडूने खूण करा. रात्रभर थांबा. सकाळी पाणी पुन्हा खुणेच्या वर आले असेल, तर जमीन अजून ओली आहे असे समजा. खूण तशीच राहिली, तर पुढे थोडे थोडे उपसा.

पुराच्या पाण्यात गटाराची घाण असते. त्यात भिजलेले धान्य खाऊ नये, जनावरांनाही घालू नये. सोयाबीन, सरकी भिजली की तापते आणि बुरशी धरते. खत आणि फवारणीची औषधे भिजली असतील, तर ते पाणी विहिरीकडे किंवा नाल्याकडे सोडू नका. कृषी सहायकाला विचारा.

अंगणातल्या पुरलेल्या टाकीत पुराचे पाणी गेले असेल, तर ती सारी उपसावी, घासून धुवावी, आणि टीसीएल पावडर टाकून मगच भरावी. पावडर किती टाकायची ते आरोग्यसेवकाकडून समजून घ्यावे. तोपर्यंत पाणी उकळून प्यावे. आणि पुढच्या वर्षाआधी टाकीचे तोंड जमिनीपासून दीड-दोन हात उंच बांधून घ्यावे.

मृगाआधीची कामे

मृग जूनच्या ७-८ तारखेला निघतो. त्याच्या आठ दिवस आधी ही कामे करावीत.

१. गटार, पन्हाळी आणि नाली साफ करावी.
२. उपशाच्या खड्ड्यातला गाळ काढावा.
३. खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतून पाहावे. गोळा उचलतो का, मोटार सुरू होते का, थांबते का, ते पाहावे.
४. मुख्य लाईट बंद करून दुसरी सोय चालवून पाहावी. निदान अर्धा तास.
५. पाइपाचे तोंड उघडे आहे का, उंदराने किंवा मातीने बुजले आहे का, ते पाहावे.
६. तळघरातला माल फळ्यांवर, जमिनीपासून हातभर उंच रचावा.
७. दोर, कंदील किंवा टॉर्च आणि मातीने भरलेली दहा पोती जिन्याशी तयार ठेवावीत.

हीच कामे पोळ्याला पुन्हा एकदा करावीत. बैलांची पूजा झाली की संध्याकाळी मोटारीलाही एकदा पाणी दाखवावे. कारण हस्ताचा पाऊस अजून बाकी असतो.

पाण्याला आपण दुष्काळात हात जोडतो. पावसाळ्यात त्याला वाट करून द्यावी. वाट दिली तर ते निघून जाते. वाट न दिली तर ते आपली वाट आपण काढते, आणि ती नेमकी आपल्या घरातून जाते.

आठवून सांगा

१. झिरपा आणि लोंढा यांत काय फरक आहे?
२. २०० चौरस मीटर अंगणावर ३० मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी जमेल?
३. पाइपातली झडप नसेल तर काय होईल?
४. इन्व्हर्टर आणि खटके तळघरात का ठेवू नयेत?
५. इंजिन तळघरात का चालवू नये?
६. तुमच्या गावात जमिनीखालच्या जागा कोणत्या आहेत? त्यांपैकी कुठे माणसे बसतात? चार जण मिळून यादी करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.